प्रामाणिक उमेदवाराला मत का नाही? नौपाडेकर काकांच्या पोस्टला उत्तर

खारेगावची सून

नौपाडेकर काकांनी काल लिहिलं: "आमच्या प्रभागात एक निवृत्त प्राध्यापक उभे होते. एकही गुन्हा नाही, एकच घर, कर्ज नाही. डिपॉझिट गेलं. निवडून आला तो, ज्याच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांचीच दोन पानं. ठाणेकर पेव्हर ब्लॉक आणि पैठणीच्या खेळात विकला गेला. अशा मतदाराला पाणी मागायचाही हक्क नाही."

काका, शेवटचं वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचा बिल्डर ओसी, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा पालिकेचा दाखला, न घेताच गेला. पाणीपट्टीची थकबाकी आमच्या माथी आली आणि गणपतीच्या तोंडावर नळजोडणी तोडली. मी आणि शेजारच्या वहिनी फाइल घेऊन एका कार्यालयात फिरत होतो. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब साइटवर, साहेब मीटिंगमध्ये. मग तुमच्यासारख्याच एका सज्जन माजी उमेदवाराला फोन केला. ते म्हणाले, लेखी तक्रार करा, मी वर्तमानपत्रात पत्र लिहितो. लिहिलंही असेल. शेवटी ज्याच्यावर गुन्हे आहेत त्या नगरसेवकाकडे गेलो. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही नीट. डॅशबोर्डवर लेटरहेडचा गठ्ठा होता, त्यातलं एक काढलं, बॉनेटवर ठेवून लिहिलं, खिशातला शिक्का मारला आणि आमच्यासमोर इंजिनिअरला फोन लावला. थकबाकीचे हप्ते बांधून मिळाले, दुसऱ्या दिवशी पाणी आलं. आमच्याकडून एक रुपया घेतला नाही.

तो कुठून खातो हे मला माहीत आहे. पैठणी मी जिंकली नाही, पैशाचं पाकीट दारात आलं तेव्हा परत पाठवलं. तरी मत त्यालाच दिलं आणि पुन्हा देईन. विकले गेले म्हणू नका.

नौपाडेकर

सूनबाई, तुमच्यावर वैयक्तिक रोख नव्हता. पण तुम्ही लिहिलंत तेच माझं म्हणणं आहे. थकबाकीचे हप्ते मागणं हा तुमचा हक्क. तो बॉनेटवरच्या चिठ्ठीने मिळाला म्हणजे हक्काचा उपकार झाला. कारभार सरळ चालू लागला तर तुमच्या त्या नगरसेवकाकडे कोण जाईल? काम अडलेलं राहणं हेच त्याचं भांडवल.

आणि हे ठाणं असं नव्हतं. १९७७ आणि १९८० ला याच ठाण्याने रामभाऊ म्हाळगींना लोकसभेत पाठवलं. वर्षभर काय केलं याचा छापील अहवाल मतदारांना देणारा माणूस. तेव्हाही लोकांना पाणी लागत होतं, तेव्हाही रस्ते खड्ड्यांचेच होते. तरी लोकांनी माणूस पाहून मत दिलं. आज? २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ खासदारांनी स्वतःवर गुन्हे असल्याचं स्वतःच लिहून दिलंय. त्यात १७० जणांवरचे गुन्हे गंभीर. हे आकाशातून पडले नाहीत. आपण बटण दाबलं.

चरईचा वकील

काका, आकडे बरोबर, पण अर्धेच. "गुन्हे दाखल" यात जमावबंदी मोडली, रास्ता रोको केला, वीज कार्यालयावर मोर्चा नेला, हे सगळं येतं. ज्याने आयुष्यात एकही आंदोलन केलं नाही त्याचा तो रकाना कोरा असतो. म्हणून कोरा रकाना म्हणजे चारित्र्य नव्हे. बघायचं ते कलम. खंडणी आणि मारहाण वेगळी, मोर्चा वेगळा.

हे प्रतिज्ञापत्र तरी सहज मिळालं का? उमेदवाराने आपले गुन्हे आणि मालमत्ता लिहून द्यावी असं २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तर सगळ्या पक्षांनी मिळून कायदाच बदलला. २००३ ला न्यायालयाने तो बदल रद्द केला तेव्हा हा कागद आपल्या हातात आला. २०१३ पर्यंत तर शिक्षा झालेला आमदार अपील ठोकून खुर्चीवर बसून राहायचा. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालाने बुजवली. २०२० पासून पक्षाला लिहून द्यावं लागतं की गुन्हे असलेला उमेदवारच का निवडला, बिनगुन्ह्याचा का मिळाला नाही, आणि "निवडून येण्याची क्षमता" हे कारण चालत नाही. पक्ष काय लिहितात ते वाचा एकदा. "समाजकार्यात अग्रेसर, जनमानसात लोकप्रिय." सगळ्यांना तेच. मतदाराला शिव्या देण्याआधी तिकीट वाटणाऱ्याला विचारा.

घोडबंदरचा रहिवासी

चारित्र्य कोणाचं तपासायचं ते आधी सांगा. चार जणांचा प्रभाग. चार बटणं दाबायची. प्रत्येक जागेला पाच-सहा उमेदवार, म्हणजे वीसेक प्रतिज्ञापत्रं. कोण वाचतो? निवडून आल्यावर टँकरचं बिल घेऊन गेलो की पहिला म्हणतो ते दुसऱ्याकडे, दुसरी म्हणते तिसऱ्याला विचारा. आमच्या कॉम्प्लेक्सचा महिन्याचा टँकरचा खर्च लिफ्ट, सिक्युरिटी आणि विजेच्या एकत्र बिलाहून जास्त आहे. टॉवरमागून टॉवर मंजूर होतात. पाणी कुठून आणणार हे मंजुरी देताना कोणी विचारतच नाही. आणि टँकर कोणाचे चालतात हे घोडबंदर रोडवरचं शेंबडं पोरही सांगेल.

खारेगावची सून

टँकरचा वेगळा धागा काढा, प्लीज.

घोडबंदरचा रहिवासी

वेगळा का? चारपैकी कोण प्रामाणिक हे कळू नये म्हणूनच ही चार-चारची रचना. नवी मुंबईत २०१५ ला एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. निदान कॉलर कोणाची धरायची ते कळत होतं.

दिवा स्लो

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती मी बोलतो. मी अनधिकृत इमारतीत राहतो. प्रामाणिक नेता मला परवडत नाही.

वडिलांनी गिरणीचे पैसे आणि आईचे दागिने घालून दिव्यात घर घेतलं. शंभरच्या स्टँपपेपरवर नोटरी, तेवढाच कागद. रजिस्ट्रेशन नाही, बँकेचं कर्ज नाही. पालिका मालमत्ता कर घेते, पण कर भरला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही तीच सांगते. लाइटचं मीटर आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादीत नाव आहे. आता सांगा, माझ्या दारात उमेदवार आला आणि म्हणाला की मी कायद्याने चालणार, तर त्याच्या पहिल्या सहीने कोण रस्त्यावर येणार? मी. आणि दुसरा म्हणाला, मी आहे तोवर हातोडा पडणार नाही, तर मी त्याचे गुन्हे मोजत बसू?

काका, तुम्हाला चारित्र्य परवडतं कारण तुमच्याकडे कन्व्हेयन्स आहे, जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर असल्याचा पक्का कागद.

ऐरोलीकर

दिवा स्लो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. २०१५ ला हायकोर्टाने दिघ्याच्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. पोलीस बंदोबस्त, जेसीबी, बायका पोरांना घेऊन रस्त्यावर बसलेल्या. घर विकणारा बिल्डर त्या गर्दीत कुठेच नव्हता.

आणि प्रामाणिकपणाचं म्हणाल तर २०१६ ला तुकाराम मुंढे नवी मुंबईचे आयुक्त म्हणून आले. सकाळी उद्यानात येऊन लोकांच्या तक्रारी ऐकायचे. मी स्वतः फूटपाथवरच्या अतिक्रमणाची तक्रार घेऊन गेलो होतो. नगरसेवकांनी ऑक्टोबरमध्ये अविश्वास ठराव आणला, विरोधात हात वर झाले सहा, बाकी सगळे एका बाजूला. एरवी सभागृहात एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या दिवशी गळ्यात गळे. मार्च २०१७ ला बदली झाली. लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावरही आले होते. काय उपयोग झाला?

नौपाडेकर

दिवा स्लो, आता स्पष्ट बोलतो. ४ एप्रिल २०१३, शीळफाटा, लकी कंपाउंड. काही महिन्यांत उभी केलेली सात मजली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं. अटक कोणाला झाली आठवतं? बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवक. "मी आहे तोवर हातोडा पडणार नाही" म्हणणारे ते हेच. तुम्हाला जो परवडतो त्याची किंमत ७४ जीव आहे. लाज वाटू द्या.

दिवा स्लो

काका, वयाचा मान ठेवून सांगतो, लाज हा शब्द मागे घ्या.

त्या ७४ मध्ये नौपाड्यातलं कोणी होतं का? पाचपाखाडीतलं? मजूर होते, भाड्याने राहणारे होते. आमच्यासारखे. पावसाळ्यात भिंतीला तडा दिसला की माझी बायको मुलांना दाराजवळ झोपवते. किंमत मला माहीत आहे, तुम्ही शिकवू नका. मी त्या इमारतीत हौसेने राहत नाही. कायदेशीर घर माझ्या पगारात बसेल असं ठाण्यात एकाही प्रामाणिक माणसाने बांधलं असतं तर मी तिथे असतो.

नौपाडेकर

लाज हा शब्द मागे घेतो. बाकीचा एकही नाही. ज्याने परवानगीशिवाय मजले चढू दिले, त्यालाच तुम्ही रक्षणकर्ता म्हणताय. आधी तोच तुम्हाला धोक्यात घालतो, मग धोक्यापासून वाचवतो म्हणून मत मागतो.

दिवा स्लो

कळतंय मला. कळूनही मत देतो, कारण मधल्या काळात घर उभं राहायला पाहिजे.

चरईचा वकील

आणि कायदा तरी कोणाच्या बाजूने बदलतो? २०१७ ला सरकारने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं अटींवर नियमित करायची तरतूद आणली. दिव्यातल्या माणसाने यातून काय धडा घ्यावा? की थांबा, मतं एकत्र ठेवा, एक दिवस तारीख पुढे जाईल. तो धडा काही चुकीचा नाही, एवढं काकांनी मान्य करावं.

कोपरीची माहेरवाशीण

मान्य कशाला करायचं? मी कोपरीत वाढले. आमच्या घरी कोणाची मुलगी सासरी छळली गेली की पोलीस चौकीत नाही, टेंभी नाक्याला आनंद दिघेंकडे जायचे लोक. रात्री उशिरापर्यंत रांग. ते स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण ते सांगतील त्याला मतं पडायची. माझ्या आत्याच्या प्रकरणाचा तिथे एका रात्रीत निकाल लागला, कोर्टात वर्षं गेली असती. मलाही तेव्हा ते बरोबर वाटायचं. आता वाटतं, त्या रात्री आत्याच्या नवऱ्याचं कोणी ऐकलं का? त्याची चूक होतीच. पण ज्याची चूक नसेल तो त्या रांगेतून कुठे जाणार? खारेगावच्या ताईंच्या नगरसेवकाने उद्या समोरच्या सोसायटीच्या बाजूने फोन लावला तर?

खारेगावची सून

लावेल. तेव्हा मी भांडेन. पण आत्ता तरी फोन लावणारा आहे. काकांचे प्राध्यापक निवडणुकीच्या आधी कोणत्या कार्यालयात दिसले होते, कोणाच्या नळासाठी उभे राहिले होते, हे अजून कोणी सांगितलं नाही. मृणालताई गोरेंना गोरेगावने मतं दिली ती प्रतिज्ञापत्र बघून नव्हे. पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांबरोबर त्या वर्षानुवर्षं रस्त्यावर होत्या, म्हणून पाणीवाली बाई. सांगोल्यात गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. एसटीने फिरायचे हे सगळे कौतुकाने सांगतात. ते दुष्काळी तालुक्यात शेतकऱ्याच्या पाण्याचा प्रश्न घेऊन जन्मभर बसले, हे कमी लोक सांगतात. स्वच्छही होते आणि भेटतही होते. आमच्यासमोर ठेवतात ते एक तर स्वच्छ, नाही तर भेटणारा. त्यातला मी भेटणारा निवडते.

चरईचा वकील

गणपतराव दोनदा पडलेही होते, १९९५ ला तर मुरलेले आमदार असताना.

नौपाडेकर

पडले आणि पुढच्या वेळी तेच परत आले, रस्ता न बदलता. ठीक आहे, प्राध्यापक पाच वर्षं दिसले नव्हते हे खरं आहे. अर्ज भरायच्या आठवड्यातच मलाही कळलं की ते उभे आहेत. चारित्र्य घरात ठेवून मत मागता येत नाही, इथपर्यंत मी येतो. पण विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख कागदावर आणि प्रत्यक्षात काय उधळतात ते सगळ्यांना दिसतं. असा उधळणारा माणूस पाच वर्षं ऑफिस आणि चार पोरं पगारावर ठेवतो. पेन्शनीतला माणूस कुठून ठेवणार? ज्याला तुम्ही भेटणारा म्हणता, त्याचं ते भेटणं टक्केवारीच्या पैशावर चालतं. तुमचं पाणी ज्या फोनवर आलं, त्या फोनचं बिल तुमच्याच रस्त्याच्या डांबरातून निघालंय.

ऐरोलीकर

मग नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. काकांच्या हिशोबाने टक्केवारी बंद व्हायला हवी होती. डांबर सुधारलं का? बेकायदा मजले थांबले का? आमच्या गावठाणात तर त्याच काळात जास्त चढले. आणि विचारायला कोणी नव्हतं, ना चोर, ना साव.

घोडबंदरचा रहिवासी

टँकरही त्याच काळात वाढले. फक्त नोंद करतो.

नौपाडेकर

ऐरोलीकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यामुळे गुन्हेगाराला दिलेलं मत योग्य ठरत नाही. दिवा स्लो, तुम्हाला विचारतो, उलट उत्तर द्यायचं म्हणून देऊ नका. काय केलं तर तुम्ही स्वच्छ माणसाला मत द्याल?

दिवा स्लो

उमेदवाराने दिव्यात यावं, मतदानाच्या आधी, आणि तीन गोष्टी सांगाव्यात. घर रिकामं करायला लागलं तर मी कुठे जाणार, पर्यायी घराचा पत्ता. ज्याने बांधलं आणि ज्याने बांधू दिलं त्यांच्यावर आधी गुन्हा, माझ्यावर नोटीस नंतर. आणि धोकादायक इमारतींची यादी लागते तेव्हा तो आमच्या जिन्यात उभा राहणार की नाही. एवढं स्टँपपेपरवर लिहून दिलं तर घरातली पाच मतं त्याची, गुन्ह्याचा रकाना कसाही असो. आमच्याकडे आजवर जे सज्जन आले, त्यांनी पत्रकात पहिलं वाक्य छापलं होतं, "अनधिकृत बांधकाममुक्त दिवा". ते पत्रक मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे आपल्यापासून मुक्त.

नौपाडेकर

प्राध्यापकांचा नंबर माझ्याकडे आहे. तुमच्या तीन अटी आज संध्याकाळी त्यांना जशाच्या तशा पाठवतो.

खारेगावची सून

पाठवू नका काका, त्यांना घेऊन जा. जिना दाखवा.