पापण्यांची सूज आणि खाज: रोजचा शेक कसा टिकवता?

नमस्कार. वय ४३, राहायला नाशिकला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. ३ वर्षांपासून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांच्या कडा लाल आणि सुजलेल्या असतात. सकाळी पापण्या चिकटलेल्या, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खवले, आणि खाज इतकी की चारचौघांत हात आवरत नाही. गेल्या वर्षी दोनदा रांजणवाडीही झाली.

आधी मला ही ॲलर्जीच वाटली. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) गंधक मारलं की डोळ्यांची आग व्हायची, म्हणून संशय तिकडेच. मेडिकलमधून एक ड्रॉप आणला. दोन दिवसांत लाली गेली, बंद केला की पुन्हा सुरू. असं ८-९ महिने चाललं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की त्यात स्टेरॉइड होतं. असे थेंब तपासणीशिवाय महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. माझा दाब थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी ड्रॉप सोडवला आणि दाब उतरला. कुणी मनाने असा ड्रॉप घालत असाल तर हात जोडून सांगतो, आधी दाब तपासून घ्या.

निदान झालं ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांची सूज. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा ओला राहतो. तेल घट्ट होऊन तोंडं बुजली की अश्रू लवकर सुकतात आणि चुरचुर सुरू होते. डोक्यात कोंडा असणाऱ्यांना हे जास्त होतं, मला तो आहेच. गंधकाने त्रास वाढतो, पण मूळ दुखणं पापणीतच आहे. डॉक्टर म्हणाले, मुळासकट जाणार नाही, पण दात घासता तसं रोज केलंत तर आटोक्यात राहील.

अडचण तिथेच आहे. दोन वेळा १० मिनिटं शेक, मग कडेच्या दिशेने बोटाने हलका मसाज, मग कडा पुसायच्या. दीड महिना नेमाने केलं तेव्हा खरंच फरक पडला. पण बागेची कामं सुरू झाली की मी पहाटे ५ ला घर सोडतो. शेक राहतो, आणि पंधरवड्यात सगळं परत येतं.

गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, त्याला काय करता? पापण्या पुसायचे तयार वाइप्स रोज परवडत नाहीत, पाण्यात मिसळलेला बेबी शाम्पू चालतो का? आई एरंडेल घालून काजळ लाव म्हणते, तिला काय सांगू?

प्रतिसाद
दादा, मला हे ११ वर्षं आहे. जुन्या सुती साडीची छोटी पिशवी शिवा, त्यात जवस भरा. मायक्रोवेव्हमध्ये थोडी थोडी गरम करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मगच मिटलेल्या डोळ्यांवर. रुमालापेक्षा बराच वेळ ऊब टिकते. पहाटे जमत नसेल तर रात्री झोपताना एकदा करा, पण तो चुकवू नका. बेबी शाम्पू मी बरीच वर्षं वापरला, पुढे डोळे कोरडे वाटायला लागले म्हणून सोडला. काजळ नकोच, त्या ग्रंथींची तोंडं आणखी बुजतात. आणि टी ट्री ऑइल कुणी सुचवलं तर नुसतं कधीही लावू नका, डोळा भाजतो.

प्रतिसाद
कोंड्यावरही औषध घ्या, नाहीतर पापणी कितीही पुसा, खवले येत राहतात. एकाच पापणीवर गाठ राहिली किंवा तिथलेच केस गळायला लागले तर मात्र घरी शेकत बसू नका, लगेच दाखवा.

मूळ लेखक
ताई, पिशवी शिवून झाली, आईनेच शिवली. काजळाचं ती आता काढत नाही. रात्रीचा शेक ९ दिवस सलग झालाय, सकाळी पापण्या चिकटणं कमी आहे. आता एकच राहिलं: फवारणीच्या वेळी घालायला बाजूंनी बंद, पण आत वाफ न धरणारा गॉगल कुणी वापरतं का? नाशिकमध्ये कुठे मिळाला तेही सांगा.