अनुभव धागा: त्यांना आपण बघण्याजोगे वाटू का?

परवा घणसोलीत लाइट गेली म्हणून गच्चीत बसलो होतो. मुलीनं विचारलं, "बाबा, परग्रहावरचे लोक आपल्याहून खूप हुशार असले तर आपला अभ्यास करतील?" म्हटलं, करतील की. "मग तू ओट्यावरच्या मुंग्यांचा करतोस?"

मी खडूची रेघ ओढतो.

तर लिहा. तुम्ही कुणाला तासन्‌तास निरखलंय? त्यावरून काय वाटतं? उडत्या तबकड्या दिसल्याचे किस्से कृपया नकोत.

खाडीवेडा, ऐरोली
फ्लेमिंगो. दर हिवाळ्यात ठाणे खाडीत बोटीनं जातो. चिखलात चोच उलटी घालून गाळून खात असतात. आम्ही पंधरा-वीस जण दुर्बिणी रोखून गप्प, आणि त्यातला एकही आमच्याकडे बघत नाही. भरती चढली की उठून नेरूळकडच्या पाणथळीत जातात. मी वहीत वेळ, भरती, अंदाजे संख्या लिहितो. माझ्या बायकोच्या मते ही वही कुणाच्याही उपयोगाची नाही, आणि ते खरंही असेल. पण ते पक्षी हुशार आहेत म्हणून मी जात नाही ना! हुशारीवर अडेल असं मला वाटत नाही.

लॅबवाली, खारघर
दिवसभर काचपट्ट्यांवर रक्त बघते. सगळं ठीक असेल तर पुढची पट्टी. काही वेगळं दिसलं तरच थांबते. तेव्हा कुणी आपल्यापाशी थांबलंच, तर मला आधी काळजी वाटेल.

लेडीज डबा, ठाणे
आमच्या डब्यात या म्हणावं. बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली घाटकोपर, की ती सीट माझी. मग माझ्यानंतर ती कुणाची, तेही ठरतं. पावती नाही, साक्षीदार नाही, तरी शब्द सहसा मोडत नाही. कुणी मोडलाच तर दादरपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, तिचाही हक्क ठरलेला. मी एकवीस वर्षं बघतेय, अजून सगळे नियम कळलेले नाहीत. परग्रहावरच्याला प्रबंधाला विषय पुरेल.

आजीचा नातू, नौपाडा
1977 ला अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर परग्रहावरच्यांसाठी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. 55 भाषांतले निरोप, त्यात मराठीही, आणि केसरबाई केरकरांची भैरवी. आजीला मोबाइलवर ती भैरवी ऐकवली. डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "पत्ता घातलाय का?" घातलाय म्हटलं, 14 पल्सार ताऱ्यांच्या खुणेनं सूर्याची जागा दाखवलीय. "मग येऊ देत. पण नुसतं न्याहाळायला येणार असतील तर नकोत. चार दिवस राहायला या म्हणावं."

जुना वाशीकर
ट्रॅपिस्ट-1 हा तारा साधारण 40 प्रकाशवर्षांवर, म्हणजे इथला प्रकाश तिथं पोचायला 40 वर्षं लागतात. त्याला सात ग्रह. तिथं कुणी असेलच आणि आज इकडे दुर्बीण लावली, तर त्याला दिसेल ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली वाशी. सेक्टर अर्धे रिकामे, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आम्ही बससाठी ताटकळलेले. कंटाळून तो दुसरीकडे वळला तर त्याला दोष देणार नाही. तेवढं त्याला कुणी कळवा, मानखुर्द-वाशी लोकल 1992 ला सुरू होते. अजून सहा-सात वर्षं कळ काढ म्हणावं.