लातूर : हौदात बोअरचं जड पाणी, गिझर-सोलर-डाळ सगळ्यावरच परिणाम. सुरुवात कुठून करावी?

मांजराकाठ :
अपार्टमेंटच्या हौदात मनपाचं आणि बोअरचं पाणी एकत्र पडतं. १२ फ्लॅट, रोजचा वापर सुमारे ६,००० लिटर. नळाच्या पाण्याचा अहवाल : टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९४०, एकूण काठिण्य (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ४५०, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) ३२० (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). नुसत्या बोअरचं काठिण्य ६२०, मनपाच्या पाण्याचं १५०. गिझरचं एलिमेंट वर्षभरात जळतं, नळाच्या जाळ्या महिन्यात तुंबतात, चार शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाणेदार राहते. एक विक्रेता अख्ख्या इमारतीला सॉफ्टनर (काठिण्य काढणारं यंत्र) लावा म्हणतो, दुसरा पाइपवर चुंबक बसवा म्हणतो. सोलरचाही विचार चालू आहे. आधी काय करावं?

काळापाषाण :
अल्कलिनिटी मोजून घेतलीत हे फार चांगलं केलंत. बरेच जण नुसतं टीडीएस मीटर बुडवतात, आणि त्यातून काठिण्य कळतच नाही. तुमच्या ४५० पैकी ३२० पर्यंतचं काठिण्य बायकार्बोनेटचं, म्हणजे तात्पुरतं. पाणी तापलं की हेच चुना होऊन एलिमेंटवर बसतं. उरलेलं १३० सल्फेट-क्लोराइडचं, ते उकळूनही जात नाही. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये मुरलेलं पाणी बहुधा असंच असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटचं.

भारतीय मानकात (आयएस १०५००) काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचं बोअर त्याही पुढे गेलंय. मनपाचं पाणी मात्र मर्यादेत आहे, आणि तेच तुम्ही हौदात घालून बिघडवताय. आकड्यांवरून मिश्रणात जवळपास दोन तृतीयांश बोअरचं दिसतं.

म्हणून यंत्राच्या आधी प्लंबर बोलवा. गच्चीवर दोन टाक्या वेगळ्या करा. बोअरची लाइन फ्लश, जिना धुणं आणि गाड्यांपुरती. मनपाची स्वयंपाकघर, गिझर आणि वॉशिंग मशीनला. हौदही मधे भिंत घालून दोन करावे लागतील. दोन्ही लाइनींना जोडणारा बायपास ठेवू नका. टंचाईत कोणीतरी तो उघडतो आणि मग तो कायमचा उघडाच राहतो. पाणी रोज येत नसेल तर मनपाच्या टाकीची क्षमता दोन पाळ्यांमधल्या दिवसांवरून ठरवा.

चुंबकाने काठिण्य कमी होत नाही. आधी आणि नंतर तपासलंत तर आकडा तोच येईल. तुरटीनेही नाही, तिने गढूळपणा खाली बसतो, एवढंच.

पानापक्कड :
गिझरचं सांगतो. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर आणा. ६० च्या वर चुना झपाट्याने बसतो, आणि थराखाली एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, म्हणून ते जळतं.

दर सहा महिन्यांनी साफ करा. नुसतं बटण नाही, एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) बंद. इनलेटचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा, टाकी रिकामी करा. फ्लॅंजचे (एलिमेंट बसवलेल्या झाकणाचे) नट सोडवून एलिमेंट बाहेर काढा. टाकीच्या तळाशी अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे साचलेले असतात, ते हाताने काढा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) टाकून एलिमेंट बुडवा, वायरीची टोकं पाण्याबाहेर ठेवा. बुडबुडे थांबले की झालं. थर उरला असेल तर नवं द्रावण घ्या. लवकर व्हावं म्हणून द्रावण दाट करून उकळू नका. कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा थर बसतो आणि तो निघता निघत नाही.

त्याच वेळी मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) बघा. आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. गॅस्केट नवीनच टाका. सेफ्टी वॉल्व्हची कळ उचलून पाणी येतं का पाहा. तो चुन्याने जाम झाला तर टाकी फुटू शकते, हे गांभीर्याने घ्या. शेवटी गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरा, मगच वीज सुरू करा.

सोलर घेताना तांब्याच्या बारीक नळ्यांचं, सपाट काचेचं पॅनल नको. त्या नळ्या आतून बुजतात. काचेच्या जाड नळ्यांचं घ्या, त्या उतरवून धुता येतात.

मांजराकाठ :
दोन टाक्यांचं बैठकीत मांडतो. तरीही सॉफ्टनर लागलाच तर केवढा?

काळापाषाण :
हिशेब करून बघा. ६,००० लिटर × ४५० मिलिग्रॅम = रोज २.७ किलो काठिण्य. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले काठिण्य पकडणारे मणी) एका फेरीत साधारण ५० ग्रॅम पकडतं, म्हणजे रोजचं ५४ लिटर रेझिन. ते पुन्हा ताजं करायला लिटरमागे १५० ग्रॅम मीठ धरलं तर दिवसाला ८ किलो, महिन्याला २४० किलो! ते खारं पाणी शोषखड्ड्यात सोडलंत तर मुरून पुन्हा बोअरलाच येणार. नुसत्या मनपाच्या पाण्याला सॉफ्टनर लावला तर याच्या एक तृतीयांश मीठ लागेल, पण १५० ला तो लागतच नाही.

शिवाय ४५० चं काठिण्य काढताना लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पिऊ नये, आणि काळ्या मातीच्या कुंड्यांना तर घालूच नका, माती चिकट होऊन बसते.

फोडणी :
डाळीचं कारण कॅल्शियमच. ते डाळीतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या द्रव्याला) धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला आरओचं पाणी घ्या, नाहीतर पाणी दहा मिनिटं उकळून, निवळून, वरचं ओतून घ्या. सोड्याने डाळ मऊ होते, पण ब १ जीवनसत्त्व जातं.

कपड्यांचं : तुमच्या २० लिटरच्या बादलीत ९ ग्रॅम काठिण्य आहे, ते सुमारे ५५ ग्रॅम साबण फेस न होताच खातं. बादलीवर जी राखाडी साय येते ती हीच. आधी १० ग्रॅम धुण्याचा सोडा ढवळा, दहा मिनिटांनी साबण. रेशीम आणि लोकरीला सोडा नको.

आणि बाथरूममधले पांढरे डाग काढायला ॲसिड ओतू नका. शहाबादी फरशी हा स्वतःच चुनखडीचा दगड आहे. डागाबरोबर फरशीही विरघळते.

पानापक्कड :
+१. नळाची जाळी आटे सोडवून काढा आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. शॉवर उतरवायचा नसेल तर व्हिनेगरची पिशवी त्याला दोऱ्याने बांधा, पण क्रोमवर तासाभरापेक्षा जास्त नको.