गिल्बर्ट हिल : देवीची टेकडी की दगडाचा ठेवा?

अंधेरीकर : मुंबईत अंधेरीतल्या गिल्बर्ट हिल या काळ्या कातळाच्या टेकडीवरील गावदेवीचे मंदिर आणि बाग हलवून टेकडीला कुंपण घालावे, अमेरिकेत डेव्हिल्स टॉवर हा तशाच दगडी स्तंभांचा सुळका असाच जपला आहे, असे कालच्या लेखात वाचले आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. डेव्हिल्स टॉवर हे लाकोटा आणि इतर मूलनिवासी जमातींचे पवित्र स्थान आहे. त्यांच्या भावनेचा मान राखून जून महिन्यात कोणी चढू नये, अशी विनंती तिथले प्रशासन १९९५ पासून गिर्यारोहकांना करत आले आहे. दाखला द्यायचाच, तर पूर्ण द्यावा.

काळाकातळ : लेख माझाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि हे उभे, बहुकोनी स्तंभ तयार झाले. भोवतीचा दगड खाणवाल्यांनी नेला, तेव्हा देवी माथ्यावरच होती. श्रद्धेने एकही सुरुंग थांबला नाही. महापालिकेने २००७ साली श्रेणी दोनचा वारसा दर्जा दिला, तरी स्तंभ नीट न्याहाळता येतील एवढी मोकळी जागा पायथ्याशी नाही, कारण वस्ती थेट कातळाला भिडली आहे.

पायथ्याचा : वस्तीवर घसरू नका. माझे वडील इथल्याच खाणीवर सुरुंग भरत. पहिली वात पेटवण्याआधी ते टेकडीकडे तोंड करून नारळ फोडत आणि देवीच्या बाजूचा दगड आमच्याकडून निघणार नाही, असे मुकादमाला बजावत. आमची घरे बसकी आहेत, त्यांच्यावरून कातळ दिसतो. तो झाकला आहे भोवतीच्या उंच इमारतींनी, टॉवरांनी. त्यांच्याविषयी तुमच्या लेखात एक ओळही नाही.

काळाकातळ : टॉवर नकाशे मंजूर करून उभे राहतात.

पायथ्याचा : म्हणजे मंजुरीचा शिक्का असला की कातळ झाकलेला चालतो? पावसाळ्यात दगड सुटतो तो आमच्या पत्र्यावर, विसाव्या मजल्यावर नव्हे. अर्ज करून आम्ही थकलो आणि तुम्ही आम्हालाच अतिक्रमण म्हणता!

अंधेरीकर : दोघांनीही आवाज आवरावा, पण टॉवरांचा मुद्दा खरा आहे. नवरात्रात आईला घेऊन मी कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या चढतो. पूर्वी माथ्यावर पोहोचताच चहूकडे नजर जायची, आता समोर खिडक्या येतात.

काळाकातळ : टॉवरांविषयी लिहायला हवे होते, एवढे मान्य करतो. मंदिरही राहू द्या. मात्र माथ्यावर यापुढे सिमेंटची एक पाटीही चढू नये आणि पायऱ्यांच्या तोंडाशी या दगडाचा जन्म सांगणारा मराठी फलक लागावा, यावर मी अडून राहणार.

पायथ्याचा : फलक जरूर लावा. त्याआधी सुटलेल्या दगडांना जाळी बसवून घ्या. त्या अर्जावर तुमचीही सही हवी.