मॉकिंगजे संपवलं आणि झोपच लागेना (सगळं फोडलंय, न वाचलेल्यांनी इथंच थांबा)

रानजाई:
हंगर गेम्स कादंबऱ्यांचा तिसरा भाग काल रात्री दोन वाजता संपवला. पहिल्या दोन भागांचा चार दिवसांत फडशा पाडला होता आणि हा एकटा आठवडाभर पुरला, कारण मधेमधे ठेवूनच द्यावासा वाटायचा.

मला एकच विचारायचंय, प्रिमला का मारलं? अख्खी गोष्ट सुरू होते तीच मुळी पोरांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या त्या खेळात कॅटनिस धाकट्या बहिणीच्या, या प्रिमच्याच, जागी स्वतः पुढे होते तिथून. ज्या एका जिवासाठी ती पोरगी तीन पुस्तकं मरमर मरली तोच जीव शेवटी जातो, आणि तोही बहुतेक आपल्याच बाजूच्या बॉम्बनं. मग हे सगळं केलं कशासाठी? तिच्या बाजूनं लढणाऱ्या फिनिकचं तर नुकतं लग्न झालेलं, त्याला चार ओळींत संपवला, मी मागं जाऊन परत वाचलं की खरंच गेला का म्हणून. आणि तो शर्ट! पहिल्या भागात प्रिमचा शर्ट मागून सुटलेला असतो, बदकाच्या शेपटीसारखा, आणि कॅटनिस तिला म्हणते शेपटी आत खोच. इथं शेवटी गर्दीत आधी पाठीवरची वेणी दिसते, मग ती एका रडणाऱ्या पोराला पांघरायला कोट काढते आणि तोच सुटलेला शर्ट. तिथं मी पुस्तक मिटलं आणि नुसती बसून राहिले. तुम्हाला पटला का हा शेवट?

वाचनवेडा_नाशिक:
२०१० मध्ये आलं तेव्हा मी अकरावीत होतो, आमच्या ग्रुपमध्ये यावरून कडाक्याची भांडणं झालेली. माझी तक्रार प्रिमबद्दल नाही, सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पहिल्या दोन भागांत आपण अरीनात, म्हणजे खेळाच्या मैदानात, कॅटनिसच्या डोळ्यांनी सगळं बघतो, इथं मात्र महत्त्वाचं काही घडलं की बाई बेशुद्ध किंवा हॉस्पिटलात! राजधानीचं शहर कॅपिटल पडतं, तिथला अध्यक्ष स्नो पकडला जातो, त्याला शिक्षासुद्धा होते, आणि आपल्याला ते सगळं नंतर कुणीतरी सांगतं. तिचा स्वतःचा खटला चालतो तोही ती एका खोलीत कोंडलेली असताना. दोन पुस्तकं ज्या युद्धाची वाट बघायला लावली ते युद्ध मला बघायला तरी मिळायला हवं होतं, आजही वाटतं.

माणदेशी:
रानजाई ताई, मी जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील फौजेत होते. आम्ही सातारा जिल्ह्यातले, आमच्याकडं घरटी एक माणूस तरी सैन्यात. ते रिटायर होऊन आले तेव्हा आम्हा पोरांना वाटलेलं की आता रोज शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळणार. एक पण नाही सांगितली. फक्त दर संक्रांतीला ते एका गावी तीळगूळ घेऊन जायचे, त्यांच्या तुकडीतला परत न आलेला एक जोडीदार तिथला. मी एकदा सोबत गेले होते, एसटीनं दोन तास जायला, तिथं त्याच्या आईच्या हातचा चहा, पाऊण तासात परत, आणि त्या पाऊण तासात दोघं मिळून दहा वाक्यं बोलले असतील नसतील. पुस्तकाच्या शेवटी कॅटनिस, तिचा खेळातला जोडीदार पीटा आणि त्यांचा मार्गदर्शक हेमिच गेलेल्यांची वही करतात ना, कुणाला काय आवडायचं, कोण कसं हसायचं हे लिहून ठेवतात, ते वाचताना मला तो चहा आठवला.

नाशिककर, तुमचं म्हणणं कळतं. पण बंडखोरांच्या तेराव्या डिस्ट्रिक्टमध्ये रोज सकाळी हातावर जांभळ्या शाईत दिवसभराचं वेळापत्रक छापून मिळतं आणि ती त्यातलं काहीही न करता कुठंतरी सामानाच्या खोलीत जाऊन लपते, ते मला कुठल्याही लढाईपेक्षा खरं वाटलं. लेखिकेचे वडील पण एअर फोर्समध्ये होते, ती लहान असताना व्हिएतनामला गेलेले. घरात वाट बघितलेल्या माणसानं लिहिलंय हे जाणवतं.

मावळतीकडे:
प्रिमला का मारलं याचं उत्तर पुस्तकातच आहे, फक्त पटकन हाताला लागत नाही. चौदा पण पूर्ण नसलेल्या मुलीला आघाडीवर पाठवायची परवानगी दिली कुणी? हा प्रश्न कॅटनिसला पडतो तिथंच बंडखोरांची अध्यक्ष कॉइन उघडी पडते. म्हणून ते मतदान परत वाचा. कॅपिटलच्या पोरांचे शेवटचे गेम्स घ्यायचे का यावर आधीचे गेम्स जिंकून जगलेले सातजण मत देतात, पीटा, अॅनी आणि बीटी नाही म्हणतात, कॅटनिस मात्र ‘हो, प्रिमसाठी’. खूप लोकांना ती तिथं नकोशी झाली. शेवटी स्नोला मारायचा बाण ती कॉइनवर सोडते, माझ्या मते तिनं ते तेव्हाच ठरवलेलं आणि कॉइनला बेसावध ठेवायला ती हो म्हणाली, आणि हेमिचला ते बरोबर समजलं.

सातवा_मजला:
मला रडवलं ते बटरकपनं. पहिल्या पुस्तकात ज्या बोक्याला कॅटनिस बादलीत बुडवायला निघालेली तोच तेराव्या डिस्ट्रिक्टमधून चालत बाराव्यातल्या घरापर्यंत येतो, प्रिमला शोधत. कॅटनिस त्याच्यावर ओरडते की प्रिम नाहीये, ती मेली, परत येणार नाही. आणि मग दोघंही रडतात. तोवर ती बहिणीसाठी धड रडलेलीच नसते.

रानजाई:
बोक्याचं पान मी झोपेच्या भरात घाईघाईनं उलटलं होतं, आत्ता उठून परत वाचलं. पीटा घराच्या कडेनं प्रिमरोजची झाडं लावतो तेही आत्ता कुठं लक्षात आलं, नाव तेच आहे ना. माणदेशी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

अजून एक, माझी भाची नववीत आहे, दुसऱ्या भागाच्या शेवटाला आलीये आणि रोज फोन करून तिसरा मागतेय. देऊ का आत्ताच?

माणदेशी:
परीक्षा होऊ दे, मग द्या. आणि शेवटची शंभर पानं ती वाचेल तेव्हा तुम्ही घरात असा.