सलाईन सोडणारा व्हॅक : गरज की बिल फुगवणं?

धनकवडीकर : बाबांना जुनी शुगर. तळपायाला साधा फोड आला आणि पंधरा दिवसांत घोट्यापर्यंत पू चढला. दोनदा डिब्रीडमेंट झालं, म्हणजे सडलेलं मांस कापून काढलं. आता डॉक्टर म्हणतात, साधा व्हॅक (जखमेवर फोम, वर फिल्म, आणि मशीनने पू-पाणी ओढून घेणं) नको, सलाईन सोडणारा लावू. मशीन फोममध्ये सलाईन सोडतं, दहा मिनिटं मुरू देतं, मग दोन-तीन तास ओढतं, की पुन्हा तेच. भाडं रोजचं, फोम आणि कॅनिस्टर (ओढलेलं पाणी साठवायचा डबा) वेगळे. जखम धुवायला सिस्टर असतात ना? मला तरी हे चोचले वाटतात.

कात्रजची_सिस्टर : दादा, वीस वर्षं ड्रेसिंग करतेय. आम्ही धुणार दिवसातून एकदा, फार तर दोनदा. मशीन सात-आठदा तरी धुतं, तेही ड्रेसिंग न उघडता. आणि दोन-तीन दिवसांनी फोम बदलताना बघा. कोरड्या फोममध्ये लाल मांस शिरलेलं असतं, ओढला की भळाभळा रक्त. सलाईनने भिजलेला असला की अलगद सुटतो.

पेठेतला_संशयी : फोम तर आम्ही सिरिंजने सलाईन मारूनही भिजवतो, त्याला मशीन कशाला? २०२० मध्ये दोन्ही प्रकारांची तुलना करणारी चाचणी छापून आली. सलाईनवाल्यात जंतू जास्त घटले, पण ओटीच्या फेऱ्या तेवढ्याच. मग जादा पैसे कसले? वॉल सक्शनला (वॉर्डाच्या भिंतीतल्या ओढणाऱ्या नळाला) फोम, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) आणि चिकट फिल्म लावूनही कितीतरी पाय वाचलेत.

कात्रजची_सिस्टर : हो, आणि रात्री तीनला बोटांच्या बेचक्यातून फिल्म सुटते, प्रेशर १२५ वरून शून्यावर, अलार्म नाही. सकाळी फोमखाली नुसतं डबकं!

ओटीतला_माणूस : सर्जन आहे. चाचणीचं संशयींनी सांगितलं ते खरंच आहे, म्हणून मी सगळ्यांना लावत नाही. पू खोलवर असेल, साफ करूनही बुळबुळीत थर पुन्हा धरत असेल, तरच. पण धनकवडीकर, तुम्ही भाड्यावर अडलात आणि मुख्य प्रश्न राहिला. पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, झाला का? रक्तच पोचत नसेल तर कुठलंही मशीन फुकट. हाडात इन्फेक्शन असेल तर आधी त्याचा इलाज, मग व्हॅक. आणि सलाईनऐवजी महागडं अँटिसेप्टिक सुचवलं तर कारण विचारा. २०१५ च्या चाचणीत साधं सलाईन कुठे कमी पडलं नव्हतं.

धनकवडीकर : डॉपलरचं नावच कुणी काढलं नव्हतं. आज राउंडला विचारलं तर म्हणे, उद्या करू. भाड्याबद्दलचं मत मात्र अजून तेच आहे.

पेठेतला_संशयी : डॉपलरचे पैसे द्या हो, ते वसूल होतील.