मदत हवी आहे : ब्रिटनचे उत्सर्जन घटले की चीनमध्ये गेले?

शाल्मली :
प्रबंधिकेचे तिसरे प्रकरण अडले आहे आणि ते शुक्रवारी मार्गदर्शकांना द्यायचे आहे. १९९० पासून ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न वाढत गेले आणि उत्सर्जन मात्र जवळजवळ निम्म्यावर आले, म्हणून आर्थिक वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत झाली, असे मी लिहिले होते. दुसऱ्या तक्त्यात मात्र ही घट बरीच कमी दिसते. कोणता आकडा खरा धरावा, हे कृपया लवकर सांगावे.

पारिजात :
तक्ते कशाचे आहेत? केवळ कार्बन डायऑक्साइडचे की सर्व हरितगृह वायूंचे? क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराखालचा हिशोब देशाच्या हद्दीपुरता असतो. चीनमध्ये तयार होऊन लंडनमध्ये विकल्या गेलेल्या फ्रीजमागचे उत्सर्जन त्यात चीनच्या खात्यावर पडते.

दर्यावर्दी :
बावीस वर्षे मालवाहू जहाजांवर काम केल्यामुळे सांगतो, खरी गोम जहाजांत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी वाहतुकीचे उत्सर्जन कोणत्याही देशाच्या एकूण बेरजेत धरले जात नाही आणि जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. प्रकरण त्यावरच लिहावे.

पारिजात :
दर्यावर्दी, आपला मुद्दा खरा आहे, परंतु शाल्मलीताईंच्या दोन आकड्यांतील तफावत त्याने सुटत नाही. फ्रीजमागचा बहुतांश कार्बन पोलादाच्या भट्टीत आणि कारखान्याच्या विजेत असतो, सागरी प्रवासात नव्हे.

माळरान :
भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, याचा उल्लेख प्रबंधिकेत अवश्य करावा.

कोजागरी :
प्रश्न ब्रिटनचा आहे. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराचा विचार करताना पर्यावरणावरील परिणामांचे तीन भाग केले होते : उत्पादनाचे आकारमान, उद्योगांची रचना आणि तंत्र. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर कारखानदारी तिकडे सरकण्याचा वेग वाढला, तो रचनेचा भाग. परंतु ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत होती आणि शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ती वीज काही चीनमधून येऊ लागलेली नाही. सगळी घट म्हणजे स्थलांतर, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शाल्मली :
सांगायचे राहिले. पहिला तक्ता सर्व वायूंचा, हद्दीतला, १९९० पासूनचा आहे. दुसरा केवळ कार्बन डायऑक्साइडचा, उपभोगावर आधारित (म्हणजे वस्तू जिथे वापरली जाते त्या देशाच्या खात्यावर उत्सर्जन धरणारा) आणि नंतरच्या वर्षापासून सुरू होणारा आहे.

पारिजात :
मग वायू वेगळा, पायाभूत वर्ष वेगळे आणि हिशोबाची पद्धतही वेगळी! एकच वायू आणि एकच वर्ष घेऊन दोन्ही रेषा एका आलेखावर काढाव्यात. त्यांच्यातील अंतर म्हणजे निव्वळ आयात झालेले उत्सर्जन. उपभोगाची रेषासुद्धा २००७ च्या सुमारास माथ्यावर जाऊन पुढे उतरते, म्हणून फारकतीचे विधान खोडू नये, ते कोणत्या काळाला लागू आहे हे लिहावे.

शाल्मली :
ब्रिटनची निर्यात वजा करायची ना?

पारिजात :
होय. हद्दीतील उत्सर्जनातून निर्यातीमागचे वजा करावे आणि आयातीमागचे त्यात मिळवावे.